हरकतदाराच्या दोन राजधान्या

तहसील कचेरीच्या आवारात अर्जलेखक म्हणून माझे टेबल पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागत आले. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत झाले, हे मी कधी लपविले नाही. परंतु मी लिहिलेला अर्ज मजकुरातील उणिवेमुळे परत आला, असेही कधी घडले नाही. बदलून येणारा प्रत्येक मामलेदार पहिल्या पंधरवड्यातच माझे अक्षर ओळखू लागे, आणि पक्षकारांपैकी जे जाणते होते ते दुसऱ्या कोणाच्या टेबलाकडे वळत नसत. माझा एक नियम होता. अर्ज लिहून झाला की तो मी पक्षकारास पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि "समजलं, बरोबर आहे" असे त्याच्या तोंडून निघाल्याखेरीज सही अथवा अंगठा घेत नसे.

एवढ्या काळात महत्त्वाचा असा एकच करार मी तोंडी केला, आणि तो माझ्या मुलाशी. तो इंजिनिअर होऊन अमेरिकेस निघाला त्या सकाळी मी त्यास देवघरासमोर उभे केले आणि त्याच्याकडून वदवून घेतले की, पुढील शिक्षण पुरे करीन, काही वर्षे अनुभव घेईन आणि परत येईन. दरम्यान दुसऱ्या देशाचा नागरिक होणार नाही. दारात टॅक्सी उभी होती. माझे मेहुणे थट्टेने म्हणाले, "दाजी, स्टँप पेपर आणू का?" मी म्हणालो, "मुलाकडून लेखी घ्यायची पाळी आली तर बाप कशाला म्हणवून घ्यायचं?" सर्वजण हसले. मुलगाही हसला, आणि मला नमस्कार करून गेला.

त्यास दहा वर्षे होत आली. मधल्या काळात तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेस त्याचे लग्न झाले, पुढे त्यास मुलगी झाली. दर वेळी परत येण्याचा विषय निघे आणि दर वेळी तो म्हणे, "अजून थोडं, बाबा." मी लोकांस सांगत होतो की, तो येणार आहे. नाशिकच्या एका कारखानदारांना मी त्याच्याविषयी सांगितले होते, आणि त्यांनी त्याच्यासाठी एक जागा मनात धरून ठेवली होती. म्हणून ऐंशीनंतरच्या एका वर्षी मुलाने आम्हा उभयतांची तिकिटे पाठविली, तेव्हा मी मनाशी पक्के ठरविले की, ही सहल नव्हे. मी त्याच्या परतण्याची तारीख निश्चित करण्यास जात होतो.

तिकिटे थेट होती. परंतु निघण्यास महिनाभर उरला असता मुलाचा फोन आला. गल्लीत फोन एकट्या डॉक्टरांच्या घरी होता. मुलगा म्हणाला, "बाबा, नुसते वरून उडून कशाला येता? वाटेत लंडन आणि पॅरिस बघून या. मी सगळी अरेंजमेंट करतो. तुम्हाला केव्हापासून लंडन बघायचंय." हे खरे होते. मी आनंदलो. माझ्यानंतर आमच्या मंडळींनी फोन घेतला, आणि नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ ती नुसते "हं, हं" करीत राहिली. मी तोपर्यंत डॉक्टरांना थेम्स नदीविषयी माहिती देत होतो.

लंडनविषयी माझ्या मनात जे होते ते आजच्या पिढीस कळणार नाही. माझे वडीलही अर्ज लिहीत. त्यांच्या अर्जांची सुरुवात "मेहरबान कलेक्टरसाहेब बहादूर" अशी होई, आणि कलेक्टरांच्या वर कमिशनर, कमिशनरांच्या वर गव्हर्नर, अशी एकेक पायरी चढत सर्वांत वर लंडन असे. गावात निवाडा मनासारखा झाला नाही की म्हातारे लोक म्हणत, "विलायतेपर्यंत जाईन." गेलेला कोणी पाहिला नव्हता. पण जाता येते, आणि तेथे कोणीतरी कागद उघडून बसलेले आहे, एवढा आधार सर्वांना होता. इंग्रज गेल्यावरही माझ्या मनातून तो पुरता गेला नाही.

आम्ही उतरलो ते एका गुजराती बाईंच्या घरी. तेथून लाल बसने शहरात जावयाचे. पहिल्या दिवशी मी राजवाडा, पार्लमेंट आणि ते सुप्रसिद्ध घड्याळ पाहिले. चौकाचौकात घोड्यावर बसलेले सेनापती होते. त्यांतील काहींची नावे मी शाळेत पाठ केली होती, त्यामुळे ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले. सौभाग्यवतींना तसे काही वाटले नाही.

"अहो, दिल्लीपण राजधानीच ना?" तिने एका पुतळ्याखाली बसून विचारले.

"आहे."

"ती आपण कुठे पाहिलीय?"

"दिल्ली कुठे पळून जातेय?"

"लंडन तरी कुठे पळत होतं?" असे म्हणून तिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला.

दुसऱ्या दिवशी मी न्यायालय पाहावयास गेलो. दगडी कमानींची, मंदिराला लाजवील अशी ती इमारत आहे. मी तिच्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली. आत काय आहे हे मला पाहावयाचे नव्हते; मला बाहेर काय आहे ते पाहावयाचे होते. कोणत्याही कचेरीची खरी किंमत तिच्या दाराबाहेर कळते, असे माझे मत आहे. आमच्याकडे कचेरीबाहेर टेबले असतात, शाईच्या बाटल्या असतात, चहाची किटली फिरत असते, आणि जमिनीवर उकिडवे बसलेले लोक असतात, ज्यांची कामे आहेत. येथे पायऱ्या स्वच्छ होत्या. एकही टेबल नव्हते.

मी फाटकावरील पोलिसास इंग्रजीत विचारले. हे वाक्य मी बसमध्ये तयार केले होते. अर्ज लिहिणारे कोठे बसतात, असा माझा प्रश्न होता. तो उंच मनुष्य माझ्यासाठी कमरेत वाकला आणि म्हणाला, "सॉरी, सर?" मी पुन्हा विचारले. त्याने विचार केला, पुन्हा "सॉरी" म्हटले, आणि आपणांस वकील हवा असावा, असे सुचविले. मी म्हणालो की, मला वकील नको, मी स्वतः अर्जलेखक आहे, माझ्या व्यवसायातील लोकांना भेटावयाचे आहे. त्यावर त्याने इतक्या आदबीने तिसऱ्यांदा "सॉरी" म्हटले, की मलाच त्याचे आभार मानून तेथून निघावे लागले. पुढे रस्त्यात एका गृहस्थाचा पाय माझ्या पायावर पडला. तोही "सॉरी" म्हणाला. बसमध्ये मी एका बाईंच्या पायावर पाय दिला, तर त्याही "सॉरी" म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली की, या शहरात आपणांस कोणी दुखवणार नाही आणि कोणी काही देणारही नाही. ज्या दाराशी आपले कागद शेवटी जाऊन पोहोचतात असे माझे वडील समजत होते, त्या दाराशी आमची कोणी वाट पाहत नव्हते. कधीही पाहत नसावे.

हे मी पत्नीस सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं? आपण होऊन आलात."

पॅरिसला आम्ही आगगाडीने, मग बोटीने आणि पुन्हा आगगाडीने गेलो. बोट फार हलली. उतरल्यावर सर्वप्रथम लक्षात आले ते हे की, आता कोणी "सॉरी" म्हणणार नाही. मी एका बाईंना हॉटेलचा पत्ता विचारला, तर त्यांनी खांदे उडविले आणि चालू लागल्या. एका उपाहारगृहात आम्ही भाजी मागितली, तर वाढप्याने आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्ही त्याच्या घरात विनापरवाना शिरलो होतो. लंडनमध्ये माझे इंग्रजी तोडकेमोडके का होईना, चालत होते. येथे माझ्यापाशी भाषाच नव्हती. ज्याचा सर्व जन्म दुसऱ्यांना शब्द पुरविण्यात गेला, त्याने पाव हवा असल्यास पावाकडे बोट करावे, हा प्रसंग मानी माणसास सोपा नाही.

तरीही तुलना न्यायाने करावी लागते. पॅरिसमध्ये नदीकाठास दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांवर माणसे पाय सोडून बसतात. नदीला पायऱ्या असाव्यात, हे त्यांना समजले आहे. लंडनमध्ये नदी भिंतीआडून जाते आणि शहर तिच्याकडे पाठ करून आपल्या कामात असते. आम्ही त्या पायऱ्यांवर बसून लांबोळ्या पावास लसणाची चटणी लावून खाल्ली. शेजारी दोन तरुण गिटार वाजवीत होते, त्यांनी चटणी मागून घेतली. त्यांतील एकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले तशी आमची मंडळी पोट धरून हसली. त्या प्रवासात ती तशी हसल्याची मला आठवते ती तेवढी एकच वेळ.

कारण त्यानंतर ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. लोखंडी मनोऱ्यावर जाण्याचे मी ठरविले होते, ती म्हणाली, "आज नको." मला वाटले, उंचीची भीती. आम्ही हॉटेलच्या मागच्या वस्तीत पायी निघालो. तेथे आफ्रिकेतून आलेले अरब मजूर बरेच राहत. रस्त्यावर कापडाचे गठ्ठे, भाजीच्या गाड्या, मोठ्याने बोलणे, असे आपल्याकडच्या बाजारासारखे वातावरण होते. एका कॉफीच्या दुकानात, आतल्या कोपऱ्यात, जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक वृद्ध गृहस्थ टेबलाशी बसला होता. समोर कागद, बाजूस टाइपरायटर. त्याच्यासमोर एक अरब मजूर, टोपी मांडीवर ठेवून. वृद्धाने कागद यंत्रातून काढला, उजेडाकडे धरला, आणि ओळीखालून बोट फिरवीत तो मजुरास वाचून दाखवू लागला. मजूर प्रत्येक ओळीस मान हलवीत होता. मध्ये एके ठिकाणी त्याने मान हलविली नाही. वृद्ध थांबला, त्याने ते वाक्य पुन्हा वाचले, काहीतरी विचारले, शब्द खोडून दुसरा घातला आणि पुन्हा वाचले. मग मजुराने सही केली.

मी उभाच होतो. मी जवळ गेलो, स्वतःकडे बोट केले, हवेत लिहून दाखविले, मग कान आणि ओठ दाखविले. त्यास समजले. तो उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. आम्ही कॉफी घेतली. माझ्या मराठीस तो त्याच्या भाषेत उत्तरे देत होता आणि आमचे बोलणे अगदी व्यवस्थित चालले होते. मला वाटले, सर्व जन्म मी चुकीच्या राजधानीकडे तोंड करून बसलो.

पत्नी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिली होती. मी तिला हाक मारली, तशी ती दारापर्यंत आली.

"तुम्हीपण असंच वाचून दाखवता ना?" ती म्हणाली.

"अगदी असंच."

"आणि मग सही."

"मग सही."

ती आणखी काही बोलेल असे वाटले. ती म्हणाली, "चला. पाय दुखताहेत."

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात घ्यावयास आली होती. फ्रीमाँट येथे त्यांचे एकास एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतील दुमजली घर होते. मुलगा सकाळी फ्रीवेने सांता क्लारा येथील कंपनीत जाई, सून दुसऱ्या गाडीने दुसरीकडे. नात माझ्याशी इंग्रजीत बोले व तिच्या आजीशीही इंग्रजीतच. आजी तिला मराठीत उत्तर देई. दोघींचे उत्तम चाले. परतण्याचा विषय मी लगेच काढला नाही. पक्षकार दमून आलेला असता त्यास मुद्द्याचे विचारू नये, आणि येथे दमून आलेला मी होतो.

पहिल्याच शनिवारी दुपारी मुलाने आसपासच्या मराठी कुटुंबांना बोलाविले. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणावयाचा, अशी तेथील रीत आहे. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सर्व प्रकारचे लोक होते. मुलाने त्यांना आधीच सांगून ठेवले होते की, बाबा दोन राजधान्या पाहून आले आहेत, ते बोलतील. सर्वजण गालिच्यावर बसले. मी भिंतीतील शेकोटीपाशी उभा राहिलो. मुलगा बर्फ आणावयास गॅरेजमध्ये गेला होता.

मी चांगला बोललो. लंडन आणि पॅरिस यांतील भेद मी मुद्देसूद मांडला. लंडन नकार देताना आसन देते आणि पॅरिस होकार देतानाही उभे ठेवते, असे मी म्हणालो तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजविल्या. कॉफीच्या दुकानातील वृद्धाचे मी सांगत होतो, तेव्हा सर्व शांत होते. एक काकू पदर डोळ्यांना लावीत होत्या. मी अखेरच्या मुद्द्याकडे वळणार, तोच मुलाच्या कंपनीतील एक नागपूरचा तरुण, प्लेट मांडीवर घेऊन बसलेला, म्हणाला, "काका, एक नंबर. पण तिसरी कॅपिटल राहूनच गेली ना यार."

"कोणती?"

"वॉशिंग्टन. आता तर ती घरचीच झाली. आम्ही ऑफिसात केक कापला, वर फ्लॅग काढलेला, पन्नास स्टार्स कोणी मोजले नाहीत म्हणा. सकाळी ओथ घेतली आणि लंचनंतर तुमचा हा पठ्ठ्या परत डेस्कवर. मीटिंगसुद्धा कॅन्सल केली नाही."

त्याची पत्नी हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही पुलाव खा."

"काय झालं? सिटिझन झाला, चांगलीच गोष्ट आहे. आता कोर्टात ज्यूरी ड्यूटीला बोलावतील, मग कळेल."

"केव्हा झालं हे?" मी विचारले.

तोपर्यंत त्याच्याही लक्षात आले असावे. "म्हणजे... गेल्याच्या गेल्या गुरुवारी. तुम्ही पॅरिसमध्ये असाल ना तेव्हा, काका."

येथे वाचकांना आमच्या व्यवसायातील एक प्रकार सांगणे जरूर आहे. जमिनीवर नाव चढवावयाचे असले म्हणजे फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, आणि ज्यास ते मान्य नसेल त्याने ठराविक मुदतीत हरकत नोंदवावयाची असते. मुदतीत हरकत आली नाही की नोंद मंजूर होते, आणि ती पुढे मोडणे महाकठीण. जो भाऊ हरकत घेणार हे ठाऊक असते, त्यास काही हुशार लोक नेमके त्याच मुदतीत काशीयात्रेस पाठवितात. तिकीट काढून देतात, हार घालतात, स्टेशनवर पोहोचवावयास जातात. भाऊ गंगेत बुडी मारून, गदगदून, सर्वांसाठी गंडे घेऊन परत येतो, तेव्हा सातबाऱ्यावरून त्याचे नाव गेलेले असते. अशा दोन-तीन भावांच्या तक्रारी मी स्वतः लिहिल्या आहेत. हे किस्से मी घरी जेवताना सांगत असे. मुलगा शाळेत होता तेव्हा त्यास ते फार आवडत. "काशीवाल्याची सांगा ना," असे तो म्हणे.

मी शेकोटीपाशी उभा होतो आणि मला सर्व स्वच्छ कळले. त्या गुरुवारी मी माझ्या व्यवसायबंधूचा हात हातांत घेऊन उभा होतो, आणि इकडे मुदत संपत होती.

मी भाषण पुरे केले. अर्धवट सोडलेला मजकूर मला सहन होत नाही. दोन्ही शहरांच्या नगररचनेविषयी मी आणखी चार वाक्ये बोललो आणि सर्वांचे आभार मानले. मुलगा बर्फाची पिशवी घेऊन आत आला तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. त्याने सर्वांच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे. बर्फाचे पाणी गालिच्यावर गळत होते.

पाहुणे नेहमीपेक्षा लवकर गेले. सुनेने नातीस वरच्या मजल्यावर नेले. मुलगा भांडी धुण्याच्या यंत्रात एकेक ताट लावीत उभा राहिला. पत्नी उरलेले अन्न लहान डब्यांत काढीत होती.

"मी सांगणारच होतो, बाबा," तो म्हणाला.

"कधी?"

"तुम्ही जरा सेटल झालात की."

"मी सेटल व्हायला आलो नव्हतो. तुझी तारीख ठरवायला आलो होतो."

"तेच तर." त्याने ताट हातातच धरले. "तुम्ही इथे असता तर मला हात वर करता आला नसता. तिथे उजवा हात वर करायचा असतो. तुम्ही घरात बसलेले असताना मी सकाळी उठून, टाय लावून, तिथे गेलो असतो, असं मला वाटत नाही."

"म्हणून पॅरिस."

"तुम्हाला बघायचंच होतं ना."

"काशीही लोकांना बघायचीच असते," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. त्यास समजले होते, हे मी पाहिले, आणि ते न समजते तर बरे झाले असते.

"देवघरासमोर काय म्हणाला होतास?"

"बाबा, मी बावीस वर्षांचा होतो. दारात टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तुम्ही त्या वेळी काहीही म्हणायला लावलं असतं, तरी मी म्हटलं असतं."

"मी लावलं नव्हतं. मी विचारलं होतं."

"तुमचं विचारणं..." तो म्हणाला, आणि थांबला. मग वेगळ्या आवाजात, पुष्कळ दिवस तयार करून ठेवलेले बोलावे तसा बोलू लागला. "तुमच्यासाठीपण केलंय मी हे. मी सिटिझन झालो म्हणजे तुम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळतं. तुम्ही इथे येऊन राहू शकता. कायमचे. मी तिकडे यायचं, त्याऐवजी—"

"मी तसा अर्ज दिला होता काय?"

त्याने हातातले ताट यंत्रात लावले. मी पत्नीकडे वळलो. एवढा वेळ तिने मान वर केली नव्हती. मला वाटले, तिला धक्का बसला आहे.

"ऐकते आहेस ना तू, तुझा मुलगा काय म्हणतो ते?"

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

हे तिने डब्याचे झाकण लावता लावता सांगितले. झाकण नीट बसत नव्हते, तिने ते काढून पुन्हा लावले.

"कधीपासून?"

"डॉक्टरांकडे फोन आला ना, तेव्हापासून."

"म्हणजे लंडनमध्ये, पॅरिसमध्ये, बोटीत, सगळीकडे तू माझ्या शेजारी बसून—"

"बोटीत मी उलट्या करत होते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही निघाला असतात?" आता तिने माझ्याकडे पाहिले. "ट्रंका परत माळ्यावर गेल्या असत्या. तुम्ही चार कागद लिहिले असतेत, त्यानं चार लिहिले असते, आणि मी तिथेच ओट्याशी. मला माझा मुलगा बघायचा होता. पाच वर्षांची झाली नात, तिचा नुसता फोटो पुसत होते मी."

"आणि त्या गुरुवारी?"

"त्या कॉफीच्या दुकानात सांगणार होते. तो म्हातारा त्या माणसाला वाचून दाखवत होता, तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही इतके खुशीत होता. तुम्हाला तसं खुशीत मी कितीक वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हटलं, राहू दे, कॉफी तरी पिऊ दे सुखानं."

मुलाने पाण्याचा नळ बंद केला. वरून नातीच्या पळण्याचा आवाज येत होता. मुलाने माझी मुदत चोरली, हे मी समजू शकत होतो. ते काम शत्रूसारखे पण नियमाने झाले होते. परंतु जिने ती मुदत माझ्या शेजारी बसून, माझ्या हातातला पाव खात, संपू दिली, तिच्याविषयी काय लिहावे याचा मायना मला आजतागायत सुचलेला नाही.

मी म्हणालो, "आपण परत जाऊ. या आठवड्यातच."

"तुम्ही जा," ती म्हणाली. "सहा महिन्यांचा शिक्का दिलाय त्यांनी पासपोर्टवर. मी सहा महिने राहणार आहे."

"एकटी?"

"एकटी कशी? मुलाच्या घरी."

"आणि मी गावात काय सांगू?"

तिने जरा विचार केला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे नमूद करणे मला न्यायाचे वाटते. "लंडन-पॅरिसचं सांगा. छान सांगता तुम्ही. दुसरं कोण विचारतंय?"

दुसरे सर्व गाव विचारणार होते, हे तिला माहीत होते. नाशिकचे कारखानदार विचारणार होते. तरी मी पुढे बोललो नाही. हरकत मुदतीत घ्यावयाची असते.

नंतरचे काही दिवस घरात सर्वजण माझ्याशी फार जपून वागले. सून बोलण्याआधी दारावर टकटक करी. मुलाने फोनवर बसून माझे एकट्याचे तिकीट बदलून घेतले आणि त्यासाठी दोन वेळा माफी मागितली, एकदा विमान कंपनीच्या बाईची आणि एकदा माझी. नातीने आईला माझ्यासमोर इंग्रजीत विचारले की, आजोबा रागावले आहेत का. एवढे इंग्रजी मला येते. सून म्हणाली, आजोबा प्रवासाने दमले आहेत. पत्नीने माझी ट्रंक भरून दिली. कपडे नेहमीसारखेच भरले होते, वर टॉवेल, खाली धोतरे, आणि तिने त्यात काही कमी-जास्त केले नव्हते.

विमानतळावर न्यावयास मुलगा एकटाच आला. पत्नी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोचल्याचं डॉक्टरांकडून कळवा." फ्रीमाँट मागे पडले आणि आम्ही खाडीवरच्या लांबलचक पुलावर आलो. दोन्ही बाजूंस सपाट, राखाडी पाणी होते.  मुलगा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी गॅरेजमध्ये होतो. तुमचं भाषण मी ऐकलंच नाही."

मी खिशातले तिकीट चाचपून पाहिले.

"खरं सांगा ना. तुम्हाला जास्त काय आवडलं? लंडन की पॅरिस?"

उत्तर माझ्यापाशी तयार होते. मुद्देसूद, कारणांसह, घरभर लोकांसमोर एकदा मांडून झालेले. तो विचारीत होता त्याच सुरात, ज्या सुरात शाळेत असताना काशीवाल्याची गोष्ट मागत असे, आणि मला वाटते की ते सांगावयास मी तोंडही उघडले होते. पण त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, त्यास आता माझ्याकडून एवढेच हवे आहे, आणि बाकी जे होते ते त्याने माझ्यावाचून उरकून घेतले आहे. मी काचेबाहेर पाहत राहिलो.

पूल संपेपर्यंत त्याने वाट पाहिली. मग त्याने रेडिओ लावला.